रतनबाईच्या हातच्या मुंडावळ्या

नातीचं लग्न ठरलं आणि घरात फुलवाल्याचा शोध सुरू झाला. शोध कसला, सगळे सोफ्यावर लोळून मोबाइल चाळत होते. एकाच्या फोटोत पांढरी फुलं, दुसऱ्याच्यात जांभळी, तिसऱ्याच्यात तर नुसता कापूस टांगल्यागत काहीतरी. नात म्हणाली, "आजी, हा लातूरचा आहे आणि हा संभाजीनगरचा. तूच सांग, कुठला घ्यायचा?"

मी विचारलं, "मुंडावळ्या ओवणारी बाई कोण हाय?"

पोरगी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "बाई कशाला लागते आजी? त्यांची टीम असते."

टीम असते म्हणे. मी गप्प बसले. म्हातारपणी गप्प बसता आलं तर सुनेचं जेवण गोड लागतं, हे मला उशिरा का होईना कळलंय. पण मनातनं रतनबाई फुलारीण जाईना. तिला जाऊन आता तीन-चार वर्षं झाली. केजकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं माहेरचं गाव आहे, तिथली ती. माझ्या लग्नाला फुलवाला ठरवताना आमच्या ओसरीवर जेवढं भांडण झालं, तेवढं नवरा ठरवतानाही झालं नव्हतं. आणि ते भांडण फुलांचं नव्हतंच. रतनबाईचा नवरा जिता का मेलेला, याचं होतं.

नीट सांगते. आमच्या गावचा रिवाज असा, की नवरीच्या मुंडावळ्या फुलारणीनं नवरीच्याच दारात बसून ओवायच्या. आणि ती फुलारीण सवाष्ण पाहिजे. हार कुणीही करा, मांडवाचं तोरण कुणीही बांधा, पण कपाळावर येणारं फूल भरल्या कपाळाच्या बाईच्याच हातचं. त्यामुळं फुलवाला ठरवायचा म्हणजे आधी त्याची बायको बघायची. तिला नारळ-सुपारी द्यायची, तिनं ती पदरात घेतली की फुलांचं ठरलं.

रतनबाईचा नवरा सिदू. ओढ्याच्या कडेला त्यांचा एवढासा मळा आणि मळ्यात विहीर. शेवंती, झेंडू, गुलाब आणि बांधाच्या कडेनं मोगरा. सिदू बारीक अंगाचा, बोलायला मवाळ. रतनबाई उंच, काळी, मिसरी लावून लावून दात शाईसारखे, आणि तोंडाला कुलूप कसं ते नाहीच. सकाळी सकाळी मारुतीला हार घेऊन निघाली की रस्त्यानं प्रत्येकाची हजेरी घ्यायची. "काय ओ पाटील, आज अंघुळ केली का फकस्त कपडे बदलले?" असं माझ्या वडलांना, आप्पांना म्हणायची. आप्पा सोसायटीचे चेअरमन, गाव त्यांना वचकून असायचं. पण रतनबाईपुढं तेही हसून रस्ता बदलायचे.

बहात्तरच्या दुष्काळात मळ्यातली विहीर खडखडीत झाली. गुलाब गेला, शेवंती गेली. नवरा-बायको दोघं खडीवर कामाला जायची आणि सांजेला घरची भांडी घासलेलं पाणी घागरीत भरून मोगऱ्याला नेऊन घालायची. लोक हसायचे. माणसांना प्यायला पाणी नाही आणि ही झुडपाला पाजतात. पण पाणी भांड्याचं होतं, कुणाच्या तोंडचं नव्हतं. पुढं पाऊस झाला, पण विहिरीला पहिल्यासारखं पाणी आलं नाही. मग गावातली निम्मी माणसं जायची तिकडंच सिदू गेला. बिभीषण मुकादमाच्या टोळीत, पश्चिमेकडच्या कारखान्यावर ऊस तोडायला.

टोळीत नवरा-बायको जोडीनं गेली तर पूर्ण कोयता, एकटा गडी गेला तर अर्धा. सिदू अर्धा कोयता गेला. रतनबाई म्हणाली, "मी आले तर मोगरा मरंल. तू जा, पट्टा पडला की ये." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. पट्टा पडला, टोळी आली, बैलगाड्या आल्या, कुत्री आली. सिदू आला नाही. बिभीषण म्हणाला, "एक दिवस बाजाराला म्हणून गेला तो माघारी आलाच न्हाई."

आता गावाला काय, चघळायला विषय मिळाला. अर्धे म्हणायचे मेला, अर्धे म्हणायचे तिकडं दुसरी केली. सिदूसारख्या माणसाला दुसरी कोण देणार होतं देव जाणे. रतनबाई रोज कपाळभर कुंकू लावायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "येईल. रस्ता चुकला असंल." तिच्या दिराचा डोळा मळ्यावर होता. त्यानं भावाच्या नावानं अंघोळ करायचं काढलं, पण म्हातारी माणसं म्हणाली, ठावठिकाणा नसलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. तेवढ्यावर ते थांबलं.

पण लग्नाची सुपारी तिला कुणी देईना. कुणाच्या घरी मयत झालं की रतनबाईचा हार चालायचा. मारुतीला चालायचा, पुढाऱ्याच्या सत्काराला चालायचा. लग्नाला मात्र लोक केजहून नाहीतर नेकनूरहून फुलारीण आणायचे, आणि ती रतनबाईच्या दारावरून जायची. रतनबाई दारात बसून बघायची. मला आठवतंय, माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात परगावची फुलारीण मांडवात बसली होती आणि रतनबाई मांडवाबाहेर, उन्हात, बायकांत. हिची जीभ त्या दिवशी कुणावर चालली नाही. सबंध लग्नभर ती एक शब्द बोलली नव्हती, आणि मला त्याचंच लई वाईट वाटलेलं.

एकोणऐंशी साली माझं लग्न ठरलं. घाटनांदूरचं स्थळ. माझे सासरे सुंदरराव नव्या सहकारी कारखान्याचे संचालक. कारखान्याचं धुराडं अजून उभं राहायचं होतं, पण संचालक उभे राहिले होते. त्यांनी निरोप धाडला, "फुलांची काळजी करू नका, आमचा अंबाजोगाईचा माणूस हाय. कारखान्याच्या पायाभरणीला त्यानंच हार केलते." मी ते हार नंतर बघितले. बैलाच्या मानेवरच्या जुवाएवढे जाड. पुढारी ते घालायचे, फोटो निघेपर्यंत मान ताठ ठेवायचे आणि लगेच काढून मागच्याकडं द्यायचे.

ओसरीवर बैठक बसली. आप्पा, माझी माय वच्छलाबाई, माझी आत्या साखराबाई, आणि कोपऱ्यात मी, ऐकू नये असं सांगितलेलं ऐकत.

आप्पा म्हणाले, "सुंदररावांचाच माणूस घेऊ. व्याह्याचा शब्द मोडायचा कावून?"

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हार त्यांचे येऊ द्या. मुंडावळ्या रतनबाई करंल."

आप्पांचा हात मिशीवरच राहिला. पण आत्या उठून उभीच राहिली. आमची आत्या लग्नानंतर दोनच वर्षांत माघारी आलेली, पांढऱ्या कपाळानं. माझं न्हाऊ-माखू तिनं केलं, मला चालायला तिनं शिकवलं. ती म्हणाली, "वयनी, तिचा नवरा कुठं हाय ते कुणाला ठावं न्हाई. उद्या मेला असं कळलं तर? पोरीच्या कपाळाला रांडमुंडीच्या हातचं फूल लागलं असं हुईल."

माय म्हणाली, "मेला असं कुणी बघितलंय?"

"जिता असं कुणी बघितलंय?" आत्याचा आवाज चढला. आणि मग ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "माझा मेला ते समद्या गावानं बघितलं, म्हणून मी सख्खी आत्या असून ह्या पोरीच्या हळदीला हात लावायचा न्हाई. आन् तिचा कुणी बघितला न्हाई म्हणून ती येऊन मुंडावळ्या ओवणार? ह्यो कुठला न्याय?"

शेवटी आप्पांनी त्यांच्या परीनं तोड काढली. घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, सिदू सोसायटीचा सभासद हाय. मयत झाल्याचा दाखला आल्याशिवाय आमी कुणाचं नाव कमी करत न्हाई. सोसायटीच्या हिशेबानं सिदू जिता हाय." आणि जणू सभेत ठराव पास झाला अशा थाटात तंबाखू मळायला लागले. आम्हाला हसू आलं, पण आप्पांच्या ठरावावर आमच्या घरात फेरविचार होत नसे. आत्या मात्र पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी माय मला बरोबर घेऊन नारळ-सुपारी द्यायला रतनबाईकडं गेली. मला वाटलं होतं, ती आनंदानं वेडी होईल. ती मळ्यात मोगऱ्याची फांदी छाटत होती. मायच्या हातातला नारळ बघितला आणि तिचं तोंड उतरलं.

"वयनी," ती म्हणाली, "दुसरी फुलारीण बघा."

मी चकित झाले. माय म्हणाली, "कावून? भामीचं लगीन हाय. आपल्या भामीचं."

"म्हणूनच म्हणते." रतनबाई मटकन बांधावर बसली. "होळीच्या आधी केजच्या बाजारात बिभीषण भेटलता. पिऊन होता. माझ्या पायावर पडला, वयनी. म्हणला, सिदू बाजाराला गेलाच न्हवता. भरलेली गाडी उतारावर उलटली, सिदू उसाखाली सापडला. तिथंच नदीच्या काठाला त्याला लाकडं दिली. गाडीवर ही दोघंच होती; ह्यो भ्याला, म्हणून टोळीला आन् गावाला तसं सांगितलं."

रतनबाईच्या कपाळावर कुंकू होतं. ती मायकडं बघून म्हणाली, "कुंकू पुसलं तर दीर मळा घेईल आन् मला माहेरी धाडंल. म्हणून मी लावते. माझं पाप मी भोगीन. पण तुमच्या लेकीच्या कपाळाशी मी खोटं न्हाई करायची."

ह्या बाईनं पाच-सहा वर्षं लग्नाच्या एका सुपारीची वाट बघितली होती, आणि सुपारी दारात आली तेव्हा ती हातानं परत करत होती. मी तेव्हा अठराची. मला भीती वाटली हेही खरं. लग्न माझं होतं.

माय बांधावर तिच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "बिभीषण पिऊन होता म्हणलीस?"

"हां."

"पिलेल्या माणसाचं काय खरं धरायचं? तू तुझ्या डोळ्यानं बघितलंस का?"

"न्हाई, पर वयनी..."

"मग मी बी न्हाई बघितलं." मायनं नारळ तिच्या पदरात घातला आणि वर सुपारी ठेवली. "माझ्या लग्नाच्या मुंडावळ्या भरल्या घरच्या सवाष्णीनं केलत्या. तरी माझी दोन लेकरं गेली. फुलांत कुणाचं नशीब नसतं रतनबाई. सकाळी लवकर ये, ऊन झाल्यावर फूल कोमेजतं."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भामे, तुला भ्या वाटत असंल तर आत्ता बोल."

मला वाटत होतं. पण रतनबाई माझ्याकडं अशी बघत होती, की मी म्हटलं, "न्हाई वाटत." लग्नाआधी मी केलेली एकच धीराची गोष्ट ती.

लग्नादिवशी रतनबाई दिवस उगवायच्या आधी आली. हिरवं लुगडं, ओलं फडकं घातलेली टोपली. तिच्याच मोगऱ्याच्या कळ्या. दारात पाट टाकून बसली आणि अंबाडीच्या वाखाचा बारीक दोरा मांडीवर वळायला लागली. मी अंगाला हळद लावून समोर बसलेली. सवाष्णी भोवतीनं. आत्या लांब, गोठ्याच्या खांबापाशी.

रतनबाईनं दोऱ्याचं एक टोक हातात घेतलं आणि इकडं तिकडं बघितलं. मुंडावळी ताणून धरायला दुसरं कुणीतरी लागतं. चार बायका पुढं झाल्या. पण रतनबाई म्हणाली, "साखराबाई, तुमी या. तुमच्या हाताला थरथर न्हाई."

आत्या जागची हलेना. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रतनबाईनं मग आपली जुनी जीभ बाहेर काढली, "आवो, दोरा धरायला बोलावते, हळद लावायला न्हाई. का ते बी पंचांग बघून धरायचं?" एक-दोघी हसल्या. आत्या आली. खाली बसली, टोक धरलं आणि मुंडावळी पूर्ण होईपर्यंत सोडलं नाही. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. माझ्या मायनं हे सगळं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून पोळ्यांकडं गेली. तशा मुंडावळ्या बांधून मी बोहल्यावर उभी राहिले. मान हलली की मोगऱ्याचा वास यायचा. मी सारखी हलवत होते.

अंबाजोगाईचे हारही आले. एक आप्पांच्या गळ्यात घातला, तर आप्पांची हनुवटी त्यात गेली.

माझा संसार बरा झाला. नवरा भांडकुदळ निघाला, पण टिकाऊ निघाला. अजून आहे, आत बसून रिमोट शोधतोय. माझं बरं चाललंय हे बघून गावातली दुसरी सुपारी रतनबाईला गेली, मग तिसरी. आणि मग एक गंमत झाली, जी फक्त आमच्याच गावात होऊ शकते. ज्या ज्या घरची पोर रतनबाईच्या मुंडावळ्या बांधून सासरी गेली, त्या त्या घराला सिदू जिता असणं भाग पडलं. सिदू मेला म्हटलं की आपल्याच लेकीच्या कपाळाला बोल लागणार. मग दिरानं बारा वर्षांनी पिठाचा पुतळा करून क्रिया करायची काढली, तेव्हा सगळं गाव त्याच्यावर उलटलं. जे लोक आधी मेला म्हणत होते, त्यांना सिदू आता जागोजाग दिसायला लागला. कुणी त्याला कोल्हापूरच्या स्टँडवर बघितला, कुणी नगरला दुधाच्या गाडीवर. एकानं तर सांगितलं, अंगानं भरलाय. दर लग्नसराईला सिदूची तब्येत सुधारत गेली.

बिभीषण मुकादम सुद्धा आपल्या लेकीच्या लग्नाची सुपारी घेऊन आला. मान खाली घालून दारात उभा राहिला. रतनबाईनं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सुपारी पदरात घेतली. हे तिनंच मला सांगितलं. मी म्हटलं, "घेतलीस कशी?" तर म्हणाली, "पोरीनं काय केलतं?"

माहेरी गेले की मी तिच्याकडं जायचेच. माय गेली, आप्पा गेले, आत्या गेली, तरी मी तिच्यासाठी जायची. सगळ्या हळदी-कुंकवांना तिला पहिला मान. गौरीच्या सणाला सवाष्ण म्हणून जेवायला तीन-तीन घरं भांडायची. मी माझ्या लेकीसुनांना अभिमानानं सांगायची, की आमच्या मायनं एका बाईचा संसार राखला. लई वर्षं मला असंच वाटत होतं.

मग तो मोठा दुष्काळ पडला, गावोगाव टँकर चालू होते तो. दुपारची मी तिच्याकडं बसले होते. ती आता वाकली होती, पण कपाळ तेवढंच ठसठशीत. रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला आणि गल्लीतली सगळी बायामाणसं घागरी-हंडे घेऊन पळाली. कुत्रं सुद्धा राहिलं नाही. रतनबाईनं उठायला हालचाल केली नाही. मी म्हटलं, "घागर दे, मी आणते." तर माझा हात धरून म्हणाली, "भामे, दार लाव."

मी दार लावलं. तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. स्वच्छ, कोरडं होईपर्यंत पुसलं. मी म्हटलं, "रतनबाई, हे काय करतीस?"

"मला एकदा रडू दे," ती म्हणाली.

आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, तोंडात पदर कोंबून. "मी मोगऱ्यासाठी मागं राहिले गं. जोडीनं गेले असते तर गाडीला मी मागून हात लावला असता. त्याला मी अर्धा कोयता धाडला." बांगड्या फोडायला तिनं हात भिंतीवर नेला आणि तसाच थांबवला, कारण उद्या लोक काय विचारतील. चाळीस वर्षांत त्या माणसाच्या नावानं तिला ओरडून रडता आलं नव्हतं. दहावा नाही, तेरावा नाही. कुणी येऊन गळ्यात पडलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिचा नवरा जिता ठेवला होता, आणि तिनं रोज सकाळी उठून आमच्या लेकींसाठी त्याला जिता ठेवला होता. मला माझ्या अभिमानाची लाज वाटली. मी तिला धरून बसले. मीही रडले, सिदूसाठी. पन्नाशी उलटलेली मी एका माणसासाठी रडत होते, ज्याचा चेहरा मला धड आठवतही नव्हता.

टँकर गेला. बायका माघारी यायला लागल्या, हंड्यांचा आवाज गल्लीत शिरला. कुणीतरी दार वाजवलं. शेजारच्या गल्लीतली रतनबाईच्या ओळखीची बाई होती, लेकीच्या लग्नाचा नारळ घेऊन आलेली. बाहेरूनच म्हणाली, "रतनकाकू, निजला का?"

रतनबाईनं माझ्याकडं बघितलं. मग तांब्यात तळाला होतं तेवढं पाणी ओंजळीत घेतलं, तोंड धुतलं, डबीत बोट बुडवलं आणि कपाळावर कुंकू लावलं.

"जागीच हाय," ती म्हणाली. "ये की आत."